बिघडवणारी संगत, सावरणारी संगत



 या व्याख्यानाच्या विषयाची पत्रिका हाती पडली तेव्हा तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. स्केटबोर्ड खेळणारी अमेरिकन पोरं, त्यांचं नशापाणी, त्यांचं सावरणं. आपला काय संबंध? आपल्याकडे या खेळाची मैदानंही मोजकीच आहेत. प्रश्न रास्त आहे. पण व्यसनाबद्दल बोलताना आपली एक मोठी अडचण असते. व्यसनी माणसाच्या आयुष्याची नोंदच नसते. घरचे लपवतात, तो स्वतः विसरतो आणि बरा झालाच तर शेजारी ‘सुधारला बाबा’ एवढंच म्हणतात. स्केटबोर्डवाल्यांचं तसं नाही. या खेळात बराच काळ निवड समिती नव्हती, लीग नव्हती, शतकांची यादी नव्हती. खेळाचं साहित्य बनवणाऱ्या कंपनीच्या व्हिडिओत तुमच्या वाट्याला येणारी तीन-चार मिनिटं, हीच तुमची मुख्य कामगिरी. त्यामुळे एखादा पोरगा कोणत्या वर्षी काय करत होता, कधी गायब झाला, कधी परतला, हे तारखेनिशी पाहता येतं. मधली रिकामी वर्षंसुद्धा दिसतात. पुढे यातल्या अनेकांनी त्या रिकाम्या वर्षांबद्दल उघडपणे सांगितलंही आहे. पुराव्यानिशी बोलायचं तर असा पुरावा सहसा मिळत नाही, म्हणून ही निवड.

मला एकच गोष्ट मांडायची आहे. पोरगं बिघडलं की आपण चटकन म्हणतो, संगत वाईट लागली. बिघडण्याचं खापर आपण संगतीवर फोडतो आणि सुधारण्याची जबाबदारी मात्र त्याच्या एकट्याच्या मनोनिग्रहावर टाकतो. जाताना दहाजण बरोबर होते, येताना तू एकटा ये! हा कुठला न्याय? आणि न्याय बाजूला ठेवला तरी, असं होतं का? एकट्याने परत येता येतं का? माझं म्हणणं, जवळजवळ कधीच नाही.

ख्रिश्चन होसोई हे नाव घ्या. जन्म 1967, लॉस एंजेलिस. वडील हवाईतले, जपानी वंशाचे, चित्रकार. मुलाला स्केटबोर्डच्या फळीचं वेड लागलं, तसे वडीलच मरिना डेल रे इथल्या स्केटपार्कचं काम पाहू लागले. चौदाव्या वर्षी पोरगा व्यावसायिक झाला. ऐंशीच्या दशकात उभ्या, वाडग्यासारख्या रॅम्पवरच्या खेळाला जे वैभव आलं, त्याचे दोन राजे होते, एक टोनी हॉक आणि दुसरा हा. त्याची एक करामत प्रसिद्ध आहे. रॅम्पच्या कडेवरून तो वर उसळायचा. हवेत असताना पायाखालची फळी हातात घ्यायचा, दोन्ही हात आडवे पसरून, पाय जुळवून, क्रुसावरच्या ख्रिस्तासारखा क्षणभर उभा राहायचा आणि खाली येता येता फळी पुन्हा पायाखाली सारायचा. सारायला उशीर झाला, तर खाली लाकूड आणि काँक्रीट. या करामतीचं नावच ‘ख्राइस्ट एअर’. जो मुलगा हे करू शकतो, त्याच्याकडे मनोनिग्रह कमी होता असं कोण म्हणेल? धाडस, सराव, एकाग्रता, वेदना सोसण्याची ताकद, सगळं होतं. त्याच पोराच्या आयुष्यात गांजा बालपणीच आला, घरातूनच आला, आणि हे त्याने स्वतः सांगितलं आहे. वडिलांचं प्रेम खोटं होतं असं नव्हे. त्या काळच्या कॅलिफोर्नियात, त्या वर्तुळात, गांजा ही लपवण्याची गोष्टच नव्हती.

मग 1990च्या आसपास तो बाजार कोसळला. रॅम्प ओस पडले, खेळ रस्त्यावर, पायऱ्यांवर, कठड्यांवर उतरला, फळ्यांचे आकार बदलले, आणि विशीतला राजा एकाएकी जुना झाला. हातात क्रिस्टल मेथ ही कडक नशा आली. 1995 साली दूरचित्रवाणीने या खेळांचा पहिला मोठा मेळावा भरवला, पुढे ‘एक्स गेम्स’ म्हणून गाजला तो. हॉक आणि होसोई पुन्हा समोरासमोर येणार म्हणून लोक वाट पाहत होते. होसोई आलाच नाही. त्याच्या नावाने अटकेचं वॉरंट होतं. जानेवारी 2000मध्ये होनोलुलूच्या विमानतळावर सुमारे दीड पौंड, म्हणजे 680 ग्रॅमच्या आसपास, मेथसह तो पकडला गेला. त्याच्या जेमतेम सात महिने आधी, 27 जून 1999 रोजी, टोनी हॉकने हवेत अडीच फेरे घेण्याची, अशक्य मानली गेलेली करामत पूर्ण केली होती. दोन राजे, दोन चित्रं. कीर्तनाला आयता विषय! एक शहाणा, एक उधळ्या. पण ही मांडणी मला मान्य नाही. नव्वदीच्या सुरुवातीला हॉकचाही पैसा आटला होता. फरक शोधायचा तर आजूबाजूच्या माणसांत शोधावा लागतो. हॉकचे वडील नौदलातून निवृत्त झालेले. मुलांच्या स्पर्धा नीट व्हाव्यात म्हणून त्यांनी 1983 साली राष्ट्रीय संघटनाच उभी केली. वेळापत्रक, नियम, नोंदी, घरी वेळेवर परतणं, हे त्या मुलाच्या भोवती होतं. होसोईच्या भोवती टाळ्या होत्या. तेवढाच फरक होता असं मी म्हणत नाही, पण तो फरक डोळ्याआड करून नुसत्या स्वभावाच्या गोष्टी सांगणं हा आळस आहे.

आता पहिला आक्षेप. होसोई सुधारला, आज तो धर्मोपदेशक आहे, पुन्हा खेळलाही. त्याला कोणी सुधारलं? तुरुंगाने! तेव्हा व्यसन्यांना आत टाका, अक्कल येईल. हा युक्तिवाद आपल्याकडेही जोरात चालतो, म्हणून जरा थांबून पाहू. होसोई साडेचार वर्षांच्या आसपास आत होता, 2004 साली सुटला. पण तुरुंगच औषध असतं, तर जे ॲडम्सचं काय करायचं? सत्तरच्या दशकात सांता मोनिकाच्या ज्या पोरांनी या खेळाचं रूप पालटलं, त्यांतला सर्वांत उपजत गुणवान म्हणून ज्याचं नाव घेतात, तो हा. हेरॉइन, मेथ, आणि तुरुंगाच्या एकाहून अधिक वाऱ्या. आत गेला, बाहेर आला, पुन्हा गेला. उतारवयात सावरला, पण 2014 साली, 53व्या वर्षी, हृदयविकाराने गेला. तुरुंग दोघांनीही भोगला. मग होसोईच्या बाबतीत वेगळं काय घडलं? त्याच्याच सांगण्यानुसार, कोठडीतून त्याने प्रेयसीला फोन केला, तिने देवावर भरवसा ठेवायला सांगितलं, तो बायबल वाचू लागला. दोघांचं लग्न तो आत असतानाच झालं. सुटला तेव्हा बाहेर बायको होती, चर्च होतं, आणि त्याच्या नावाची फळी पुन्हा बाजारात आणायला तयार असलेलं खेळाचं जग होतं. तुरुंगाने त्याचा पुरवठा तोडला, वेळ दिला. बाकीचं माणसांनी केलं.

आणि नुसत्या तुरुंगाचा हिशेब फार भयानक आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा एक मोठा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. सुटल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, नशेच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका त्यांना इतर रहिवाशांच्या मानाने 129 पट होता. का? आत असताना शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर आल्यावर जुनाच नाका, जुनेच मित्र, जुनीच मात्रा. आणि ती मात्रा आता शरीराला झेपत नाही. पहिले दोन आठवडे, श्रोतेहो. त्या चौदा दिवसांत दारात कोण उभं आहे, घरचं माणूस की पुडीवाला, यावर जगणं-मरणं ठरतं.

माझ्या मुद्द्याचा सर्वांत भक्कम पुरावा एका टोळक्यात आहे. नव्वदीच्या अखेरीस कॅलिफोर्नियात काही तरुण खेळाडू एकत्र राहत, एकत्र खेळत, एकत्र पीत. टोळक्याचं नाव ‘पिस ड्रंक्स’. भर सभेत त्याचं मराठी करण्याची माझी हिंमत नाही, पण नावातच शेखी होती. अँड्र्यू रेनॉल्ड्स, एरिक एलिंग्टन, जिम ग्रेको, स्वीडनहून आलेला अली बुलाला आणि आणखी काही. यांतला रेनॉल्ड्स फ्लोरिडाच्या लेकलँडचा, जन्म 1978. विसाव्या वर्षी, 1998 साली, ‘थ्रॅशर’ मासिकाने त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं, आणि 2000 साली त्याने ‘बेकर’ ही स्वतःची कंपनी काढली. त्याची खासियत म्हणजे पायऱ्यांच्या उंच ओळीवरून झेपावताना अंग अर्धा फेरा घेतं आणि त्याच वेळी फळी पायाखाली स्वतःभोवती गिरकी घेते. पडद्यावर दोन सेकंद. त्या दोन सेकंदांसाठी दिवसभर पडायचं. कोपर सोललेलं, घोटा सुजलेला, पुन्हा वर चढायचं. संध्याकाळी अंग ठणकतं, खिशात पैसा असतो, वय विशीचं, उद्या सकाळी कोणी हजेरी घेणार नाही. आणि गंमत म्हणजे बेफिकिरी हाच त्यांचा विकला जाणारा माल. शुद्धीत नसलेला खेळाडू कंपनीच्या जाहिरातीला शोभून दिसायचा. इतर खेळांत दारूने संघातली जागा जाते, इथे दारूने नाव होत होतं.

आपल्या नेहमीच्या हिशेबाने या टोळक्याचं भविष्य ठरलेलं होतं. प्रत्यक्षात काय झालं? मार्च 2007मध्ये मेलबर्नला बुलाला दारू पिऊन मोटरसायकल चालवत होता, मागे शेन क्रॉस हा ऑस्ट्रेलियाचा तरुण खेळाडू बसला होता. अपघातात क्रॉस गेला. बुलाला कित्येक महिने बेशुद्ध होता, मग शिक्षा भोगली, पुन्हा पूर्वीसारखा खेळू शकला नाही. हे एक टोक. पण त्याच टोळक्यातले रेनॉल्ड्स, एलिंग्टन, ग्रेको एकेक करून दारूपासून, नशेपासून दूर झाले आणि दूर राहिले. स्वतः सावरल्यावर रेनॉल्ड्सने इतरांना हात दिला, हे त्या जगात सर्वश्रुत आहे. 2010 साली ‘स्टे गोल्ड’ या व्हिडिओत बत्तीस वर्षांच्या रेनॉल्ड्सने जो खेळ दाखवला, तो त्याच्या तरुणपणच्या खेळाच्या तोडीचा आहे. ही माणसं वेगवेगळ्या गावांना पळून जाऊन सुधारली नाहीत. फळी तीच, मित्र तेच, पायऱ्या त्याच. संगत तीच होती, संगतीचा रिवाज बदलला. ज्या घोळक्यात न पिणारा बावळट ठरायचा, त्याच घोळक्यात न पिणाऱ्याला मान मिळू लागला. हे एका माणसाच्या निश्चयाने होत नाही. त्याला दोघे-तिघे लागतात, आणि त्यांतला एक तरी पूर्वी सर्वांत जास्त पिणारा असावा लागतो. नाहीतर कोण ऐकतं?

गाय मरिआनो हे दुसरं उदाहरण, थोडक्यात सांगतो. जन्म 1976. दिग्दर्शक स्पाइक जोन्झच्या ‘व्हिडिओ डेज’ या स्केटबोर्ड व्हिडिओत 1991 साली तो मिसरूडही न फुटलेला पोरगा आहे. 1996च्या ‘माऊस’मध्ये तो शिखरावर. मग नशा, आणि पडद्यावर जवळजवळ काहीच नाही. 2007 साली ‘फुली फ्लेअर्ड’मध्ये, एकतिसाव्या वर्षी, तो परतला. मधली अकरा वर्षं! या खेळात अकरा वर्षांत दोन पिढ्या बदलतात. तो परतू शकला याचं कारण जुन्या साथीदारांच्या कंपन्यांनी त्याला पुन्हा आत घेतलं. हिशेबनीस म्हणाला असता, कशाला? पण परतायला ठिकाणच नसतं, तर सावरून त्याने काय केलं असतं?

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट बाजूचा. मुलांना मैदानावर घाला, खेळात गुंतवा, व्यसन जवळ फिरकणार नाही, असं आपले पुढारी प्रत्येक उद्घाटनात सांगतात. ही मुलं दिवसातले आठ-आठ तास खेळतच होती की! खेळ व्यसन थांबवत असता तर आजचा विषयच निघाला नसता. मग आइसलँडचा दाखला दिला जातो. तो खराच आहे. तिथे 1998 साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलांनी मागच्या महिन्यात दारूने झिंगल्याचं सांगितलं होतं. 2016पर्यंत हे प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. पण त्यांनी नुसती मैदानं बांधली नाहीत. प्रशिक्षक असलेले क्लब, त्यासाठी पालिकेकडून कुटुंबाला पैसे, पालकांनी आपसांत केलेले करार, रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर वेळेचं बंधन, असा सगळा पसारा होता. थोडक्यात, मुलाच्या शेजारी जाणती माणसं उभी केली. चेंडू, फळी, तबला, काहीही द्या. पण शेजारी कोण आहे, हे आधी पाहा.

आता खरा अवघड मुद्दा. व्यसनमुक्तीत एक जुना सल्ला आहे, जागा बदला, माणसं बदला. त्याला सबळ आधारही आहे. व्हिएतनामच्या युद्धात असंख्य अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. 1971 साली ते परतू लागले तेव्हा सरकार धास्तावलं. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांचा पाठपुरावा केला. व्यसनी म्हणून नोंदलेल्यांपैकी घरी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडले ते जेमतेम 5 टक्के. लोक थक्क झाले. ज्या जंगलात, ज्या भीतीत, ज्या सोबत्यांत नशा जुळली होती, ते सगळं मागे राहिलं होतं. मग माझ्या म्हणण्याला हे बाधक नाही का? संगत सोडून आले म्हणून ते वाचले! अर्धं खरं आहे. पण ते कुठे आले? घरी. आई, बायको, नोकरी, गल्ली यांत आले. एक संगत सुटली आणि दुसरी तयार होती. ज्याला दुसरी तयार नसते, त्याला ‘मित्र सोड’ म्हणणं म्हणजे ‘एकटा हो’ म्हणणं, आणि एकटेपणात पुडीइतकी इमानी सोबत दुसरी नसते. स्केटबोर्डवाल्याला तर फळी सोडायला सांगणं म्हणजे जे एक काम त्याला येतं तेच काढून घेणं. म्हणून रेनॉल्ड्सच्या टोळक्याचं उदाहरण मोलाचं आहे. जागा सोडता येत नसेल तेव्हा आहे त्या जागेचं वळण बदलता येतं, हे त्यातून दिसतं.

कोणी म्हणेल, ही सगळी मलमपट्टी, औषधं कुठे गेली? औषधांना मी कमी लेखत नाही. हेरॉइनसारख्या अफूवर्गीय नशेत मेथॅडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन मृत्यूचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणतात. ‘एका नशेऐवजी दुसरी’ म्हणून त्यांना नाक मुरडणारे लोक जिवाशी खेळतात. पण होसोईला ज्याने बुडवलं, त्या मेथवर असं मान्यताप्राप्त औषध आजही नाही. तिथे उपचार म्हणजे माणसंच, म्हणजे समुपदेशक, गट आणि रोजची विचारपूस. आणि पुन्हा घसरण्याचं प्रमाण कुठल्याही व्यसनात मोठं, निम्म्याच्या आसपास. उच्च रक्तदाबाच्या रोग्यानेही गोळ्या सोडल्या की असंच होतं, पण त्याला कोणी ‘तुझ्यात दमच नाही’ असं सुनावत नाही.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे आणि तो मी हलक्याने घेत नाही. सगळं संगतीवर ढकललं, तर माणसाची जबाबदारी कुठे राहिली? शेन क्रॉसच्या आईवडिलांना आपण संगतीचं तत्त्वज्ञान ऐकवणार का? नाही ऐकवणार. मोटरसायकल बुलालाच चालवत होता, शिक्षा त्यालाच झाली आणि ती योग्यच होती. पण जबाबदार धरणं आणि एकटं पाडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1935 साली अमेरिकेत अक्रन गावी एका दलालाने आणि एका डॉक्टरने, दोघेही अट्टल दारुडे, ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ सुरू केलं. तिथल्या बारा पायऱ्यांमध्ये आपण ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करायची आणि जमेल तिथे भरपाई करायची, अशी अट आहे. कोर्ट एका गुन्ह्याचा जाब विचारतं. हे लोक सगळ्या आयुष्याचा विचारतात, तेही दर आठवड्याला, चहाचा कप हातात देऊन. जबाबदारी घ्यायला भाग पाडणारी याहून कडक सभा मला तरी माहीत नाही.

आणि हे आपल्यापासून दूर नाही. 1986 साली पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक बळ उभं केलं, हे तुम्ही जाणता. त्या संस्थेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिथून बरे झालेले लोकच पुढे तिथे काम करू लागले. नव्याने दाखल झालेल्या पोराच्या समोर बसणारा माणूस ‘मीही याच खाटेवर होतो’ असं म्हणू शकतो. रेनॉल्ड्सच्या टोळक्यात जे आपोआप घडलं, ते इथे ठरवून घडवलं गेलं.

प्रश्न राहतो तो केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचा. महिना-सव्वा महिन्याने पोरगा घरी येतो. गॅरेजचा मालक म्हणतो, नको बाबा, भरवसा नाही. मंडळाची पोरं एकतर ‘एकच घे, काय होतंय’ म्हणतात किंवा टाळतात. वर्गणीच्या पावत्या त्याच्या हाती द्यायच्या नाहीत, असं गुपचूप ठरतं. भीती खोटी नाही, त्याने पूर्वी पैसे उचललेले असतात. मग पैशाचं काम देऊ नका. मांडव घालायचं द्या, ढोलांना दोऱ्या आवळायचं द्या, वेळेवर यावं लागेल आणि नाही आला तर कोणीतरी घरी जाऊन बघेल असं काहीतरी द्या. आमच्या सोसायट्या, तालमी, मंडळं, ऑफिसं यांपैकी किती ठिकाणी असा कोणी ठरलेला माणूस आहे, जो दुसऱ्या दिवशी जाऊन दार वाजवेल? या सभागृहात दोन-तीन मंडळांचे पदाधिकारी बसलेले दिसतात. उत्तर त्यांनी द्यावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून प्रश्नोत्तरांचा वेळ त्यांच्याकडे सोपवून मी थांबतो.